खारं पाणी

चिखलीत तायड्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर,
महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही सात जण जमतो.
सगळे पूर्णेकाठच्या खारपाणातले.
कुणी चाकणला वेल्डिंग करतं, कुणी भोसरीत कॅन्टीन चालवतं,
प्रल्हाद कुऱ्हेकर बँकेत आहे
आणि ते तो कुणाला विसरू देत नाही.

बोलणं फिरून फिरून तिथंच येतं.
तुले काय आठवते, सांग बरं.
पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं वांगं, म्हणतो एक.
धाब्यावर टाकलेली बाज, रात्री दोननंतरचा गार वारा.
इंदू ढोमणे म्हणते, काळी माती,
श्रावणात एक चप्पल गिळायची
आणि दुसरी हातात घेऊन शाळेत जायचो, ती.

शालूताई बराच वेळ शेंगा सोलत होती.
मग म्हणाली, "पाणी, व."

सगळे हसले.
पाणी?
ज्यात तुरीची डाळ दोन तास रटरटून
डाळ वेगळी नि पाणी वेगळं राहायचं?
ज्यात साबण झिजायचा पण फेसाळायचा नाही,
न्हाल्यावर केस केरसुणीसारखे उभे,
घागरीच्या बुडाशी पांढरा थर, नखानं खरवडावा असा?
गावात पाहुणा आला की
पहिल्या घोटाला थांबायचा,
आणि आम्ही पोरं त्याच्या तोंडाकडं बघत राहायचो.
गोड्या पाण्याचा हाय, म्हणायचो,
जसं काही त्याचंच काही उणं होतं.

शालूताईचा भाऊ गुणवंत
एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. किडनी.
शेवटचं वर्षभर आठवड्यातून दोनदा
पहाटेच्या एसटीनं अकोला, हातात सुई, संध्याकाळी परत.
आमच्यात तो विषय कुणी काढत नाही.
तिनंच काढला.
"त्याच पाण्यानं नेलं त्याले, मले ठाऊक हाय.
पण इथला चहा, बाप्पा,
निस्ता गोड लागते.
तोंडात काही थांबतच नाही."

कुणी काही बोललं नाही.
खाली कुणीतरी स्कूटर रिव्हर्स घेत होतं.

"मी मीठ टाकतो,"
प्रल्हाद म्हणाला, बशीकडं बघत.
"चिमूटभर. ऑफिसात. घरी माहीत नाही."

आणि मग जी सुरुवात झाली!
कोणती विहीर जास्त खारी, यावर पाऊण तास.
पाराच्या मागची, म्हणे इंदू.
अफसर मिस्त्री उठून उभाच राहिला:
"मोमीनपुऱ्याच्या विहिरीत बैल तोंड घाले
अन् मांगं सरे! तुमची कायची खारी बे?"
बँक, कॅन्टीन, वेल्डिंग सगळं गळून पडलं,
राहिलं फक्त काहून, कुठी, हाव ना, जाय ना बे.

गेल्या दिवाळीत मी गावी गेले होते.
आता ग्रामपंचायतीजवळ मशीन आहे.
पाचाचं नाणं टाका, वीस लिटर गोडं पाणी.
पोरं सायकलला कॅन अडकवून नेतात.
चांगलं झालं. मनापासून सांगते, चांगलं झालं,
माझ्या भाचीच्या लेकराला गुणवंतसारखं व्हायला नको.
शाळेच्या मागं तेवढा एक हातपंप उरलाय.
मी चाळीसदा दांडा मारला.
आधी गंजाचं आलं, मग नितळ.
एक जण म्हैस घेऊन चालला होता, थांबून बघत राहिला.
विचारलं नाही काही.

ती बाटली मी त्या दिवशी पिशवीतून काढली.
एक लिटर.
शालूताईनं झाकण उघडून वास घेतला,
मग गॅस पेटवला.

दूध फाटलं थोडं. तिनं तरी गाळला.
सात कप, अर्धे अर्धे.

प्रल्हाद पहिल्या घोटाला थांबला.
आम्ही सगळे
त्याच्या तोंडाकडं बघत होतो.